ओली जागा

माझं काम पुसायचं.
रेफरीनं हात वर केला की काचेचं दार ढकलून आत जायचं,
घाम सांडलाय तिथं गुडघा टेकायचा,
आणि सहा सेकंदांत बाहेर.
बिल्ल्यावर छापलंय 'कोर्ट सहाय्यक', खाली व्यंकय्या बोद्दुल.
नातू म्हणाला, पोछा मारायलाबी बिल्ला लागतो का बे आजोबा?

अक्कलकोट रोडची ही शेड मला नवीन नाही.
सर्व्हिसची लाल रेघ आहे ना,
तिथं माझा चार नंबरचा माग होता.
तेलाचा डाग लाकडी फळ्यांखाली अजून असेल.
भिंती तेवढ्या नव्या.
पहिल्या दिवशी खेळच कळेना:
मध्ये जाळी नाही, पलीकडे माणूस नाही,
दोघं एकाच बाजूला उभे राहून एकाच भिंतीशी भांडतात.
घरी सांगितलं तर बायको म्हणाली,
मग आपल्यासारखंच की ओ.

देश अकरा आलेत.
ग्वाटेमालाचा एक पोरगा रोज सकाळी
पावाला शेंगाचटणी लावून खायचा,
डोळ्यांतून पाणी, तरी खायचा.
पुरुषांच्या सामन्यात चेंडू दिसत नाही, नुसता ऐकू येतो,
धोटा आपटल्यासारखा.
बायकांच्यात दिसतो,
पण कुठं जाणार ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं.
रॅकेट मनगटाला दोरीनं बांधलेली.
हातातून सुटली तरी जाणार कुठं?

उपांत्य फेरीला आमची अंबुजा गुंडेटी,
विडी घरकुलातली, आई अजून दिवसाला हजार विड्या वळते,
आणि समोर, म्हणजे शेजारी, बोलिव्हियाची मारिसोल.
एक गेम हिचा, एक तिचा.
तिसरा अकराला संपतो. दहा-दहा.
बाहेर त्रेचाळीस, आतलं कोणी मोजलं नाही.
आणि लाईट गेली.

जनरेटर आहे म्हणाले होते.
होता. डिझेल नव्हतं.

पत्र्याच्या फटीतून येईल तेवढा उजेड.
दोघी त्याच भिंतीला पाठ लावून बसल्या.
मी टॉवेल नेऊन दिले,
अंधारातही बोटांना कळलं, आमच्याच गल्लीतला माल,
काठाला एक धागा सुटलेला.
मारिसोल तिच्या भाषेत काही बोलली,
अंबुजा तेलुगूत.
दोघी हसल्या.
तेलुगू माझी घरची, मला समजलं.
सांगणार नाही.

वीस मिनिटांनी दिवे आले. सर्व्हिस मारिसोलची.
चेंडू मागच्या काचेवरून परत फिरला,
अंबुजानं अंग झोकून दिलं,
कोपर, छाती, हनुवटी, सगळं जमिनीवर,
आणि रॅकेटच्या टोकानं असा उचलला
की समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी तो मेला.
सगळी शेड उठली. शिट्ट्या.
कोणीतरी खुर्ची उलथवली.
रेफरीनं आमच्या बाजूनं बोट केलं.

ती पडल्या पडल्या हात वर करून होती.
दोन बोटं.
दोन टप्पे पडले होते.

रेफरीनं पाहिलं नव्हतं. मारिसोलनंही.
मी दारातूनच पाहिलं होतं,
आणि गप्प राहायचं ठरवून टाकलं होतं.

आमच्याकडे पूर्वी रीत होती:
कापडात चूक गेली की विणणाऱ्यानंच खडूची फुली मारायची,
मग शनिवारी पगारातून कापायचे.
तीस वर्षांत मी किती फुल्या मारल्या नाहीत
ते मला माहीत,
आणि कुठल्या कुठल्या गावच्या अंथरुणांना.

अकरा-दहा.
मारिसोल तिला उठवायला वाकली आणि तशीच राहिली,
कपाळाला कपाळ लावून.
लोक चहाला गेले. एक जण म्हणाला, येडी हाय पोरगी.

मी आत गेलो. हात कोणी वर केला नव्हता.
फरशीवर ती पडलेली तशीच उमटली होती घामानं,
कोपर, पाच बोटं, हनुवटीचा गोल.
सातला पुरुषांची फायनल, पुसायला तर हवंच.
फडकं पिळलं,
गुडघा टेकला,
आणि या खेपेला सहा सेकंदांत बाहेर आलो नाही.