उजेडात धरून

खराडीत नवव्या मजल्यावर
खुर्ची थंड, काच थंड, समोर तिघं.
त्यांच्या हातात माझं एक पान.
कुंटे चौकाजवळच्या मॅचिंग सेंटरमधली अकरा वर्षं
त्यात एका ओळीची घडी होऊन पडलेली.

"स्वतःबद्दल सांगा."

गिऱ्हाईक पायरी चढलं
की आधी त्याच्या पिशवीकडे बघ, चंपालालशेठ म्हणायचे,
साडी त्याला काढू दे. तू तागे उपसू नकोस.
म्हणून मीच विचारलं,
या जागेवरचं आधीचं माणूस का गेलं?
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.
मग हळूहळू पिशवीतून साडी निघाली:
चिडलेली गिऱ्हाइकं, महिनोन् महिने लोंबकळलेल्या तक्रारी,
पावसाळ्यापासून दोन राजीनामे.

चिंतामणीच्या नऊ शेड होत्या आमच्याकडे.
ट्यूबलाइटखाली नवाच्या नऊ सारख्या.
म्हणून कापड घेऊन फूटपाथवर यायचं,
रिक्षांच्या हॉर्नमध्ये, बाराच्या उन्हात,
काठाला कापड टेकवायचं, "बघा" म्हणायचं
आणि गप्प राहायचं.
डोळ्यांना वेळ लागतो.

मेहनती आहे, मिळूनमिसळून वागते,
हे सगळे ट्यूबलाइटचे शब्द. घरून पाठ करून आले होते.
ते ठेवले बाजूला.
सासवडची एक आई सांगितली.
शटर अर्धं खाली, उद्या सकाळी लग्न,
टेलरने ब्लाउज बिघडवलेला, बाई पायरीवरच बसलेली.
आमच्याकडे ती शेड नव्हती.
मी समोरच्या दुकानातून आणून दिली.
शेठ आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी.
त्या घरातली पुढची तिन्ही लग्नं मात्र आमच्याकडे.

देवधरसाहेब म्हणाले, "ही दोन वर्षं रिकामी दिसतात."
ताग्यात गाठ असली तर ती आपणच दाखवायची,
गिऱ्हाइकाच्या बोटाला लागायच्या आत.
मला उशीर झाला होता, तरी दाखवली.
दुकान विकलं गेलं. सासूबाईंचं डायलिसिस,
आठवड्यातून तीनदा, मीच न्यायची.
आणखी एक गाठ त्यांना दिसायची होती, तीही दाखवली:
इंग्रजीत अडखळते. ईमेल दोनदा वाचून पाठवते,
कधी तिसऱ्यांदा.

एक मात्र खरं.
इतकी वर्षं कापड आणि मी,
मध्ये काउंटर असायचा.
इथे काउंटर नव्हता.
हात कुठे ठेवावेत कळेना,
बोटं मांडीवर कात्री शोधत राहिली.

पगाराचा आकडा सांगितला आणि ओठ मिटले.
भाव सांगून झाल्यावर जो आधी बोलतो तो उतरतो.
एसीचा आवाज. पेनचं टोपण उघडलं, बंद झालं, उघडलं.
माझ्या पोटात मीटरपट्टी ताठ उभी.
"थोडं कमी..." साहेब म्हणाले.
मी हसले. उतरले नाही.

उठताना तोंडातून गेलंच,
"मग किती कापू?" च्या चालीवर,
"मग कधीपासून येऊ?"
अर्नवाज मॅडम खळखळून हसल्या.
"कळवतो," साहेब म्हणाले.

कळवतो म्हणजे "फिरून येते".
दहांतल्या दोघी येतात फिरून.
कोणत्या, ते मला कळतं:
जाता जाता जी कापडाला पुन्हा एकदा हात लावते, ती.
दारातून वळून पाहिलं तर
मॅडमनी माझं पान गठ्ठ्यातून परत वर काढलं होतं.
आमसुली कुर्ता, वर वांगी स्कार्फ,
अर्ध्या शेडने चुकलेला.
बोलले नाही. पहिल्याच भेटीत नको.

खाली आले. रस्त्यावर ऊन रणरणत होतं.
बस यायची होती.
त्या काचेच्या इमारतीला
स्वतःलाच टेकवून बघितलं क्षणभर.
शेड जवळची होती.
अगदी तीच, असं नाही म्हणणार.