चार मिलिमीटर

काट्याच्या भोकापासून रिमच्या मध्यापर्यंत
पट्टी धरून इन्याशिओ म्हणाला, पंचावन्न.
चष्मा कपाळावर सारून पुन्हा धरली.
पंचावन्नच.
"तुझ्या जुन्या ब्रेकचा हात एक्कावन्नला संपतो, गार्बिन्ये.
चार मिलिमीटर कमी.
रबर रिमला धरायचं सोडून टायरला चावेल,
एक दिवस टायर फाटेल,
मग तू आहेस आणि नदी आहे."

चाकं बदलली, त्याचं हे सगळं.
जुनी रिम पोलादी, चेहरा दिसेल इतकी लखलखीत,
पण सिरिमिरी सुरू झाली,
आमच्या एइबारची ती न भिजवता भिजवणारी भुरभुर,
की ब्रेक दाबा, नका दाबू, तिला सारखंच.
चाळीस वर्षं मी वरच्या बेकरीपाशीच मुठी आवळायची
तेव्हा कुठे खाली पुलाशी सायकल थांबायची.

ओइएर म्हणतो, आई, नवी घे, डिस्कवाली, हप्त्यांवर.
त्याला काय सांगू,
या फ्रेमचे सांधे मी घासलेत,
सकाळच्या पाळीत, कानशीने,
तो पोटात असताना.

इन्याशिओने खण उपसले.
एक इटालियन निघाला, देखणा, हात मात्र आखूड.
(देखण्यांचं असतंच असं, मी म्हटलं.
तो हसला नाही. तोही तरुणपणी देखणाच होता.)
एक मधून ओढणारा, पोचेल हो, पण त्याला वर वेगळा आकडा हवा,
तो आकडा आता कुणी करत नाही.
एक दोन खिळींचा, नवा, काळा, सत्तावन्नपर्यंत हात,
बोटाने दाबला तरी धरेल,
फक्त त्याचा नट काट्याच्या आत लपून बसतो
आणि माझ्या काट्याला तेवढं भोक नाही.
"ड्रिल मारू?"
माझ्या काट्याला?
बोल्ट मला दे, म्हटलं, उद्या ये म्हण.

घरी लेथ नाही आता, पण शेजारच्या शाळेच्या वर्कशॉपात आहे,
तिथल्या पोरांनी बाजूला होऊन जागा दिली.
लांब बोल्ट केला. आटे पाडताना
हातांना सगळं आठवत होतं,
मला विचारलंसुद्धा नाही त्यांनी.

दुसऱ्या दिवशी निघाले.
भुरभुर होतीच.
सवयीने बेकरीपाशी मुठी आवळल्या
आणि सायकल जागच्या जागी उभी.
अशी उभी, की मीच पुढे गेले, खोगीर सोडून.
पूल खाली दूर, बेकरी दहा पावलं मागे,
आणि उजव्या हाताला लिबेचं दार.

त्या संपात लिबे फाटकातून आत गेली होती.
आम्ही बाहेर, ती आत, सतरा दिवस.
नंतर कित्येकदा दारातून हाक यायची,
गार्बिन्ये, थांब की गं!
आणि मी उतारावरून ओरडायची,
ब्रेक लागत नाहीत!
खोटं नव्हतं ते.
पुढे पुढे हाका बंद झाल्या. मी मात्र ओरडायची,
नुसतंच, मनात.

आज ती उंबऱ्यावर घेवडा सोलत होती.
केस पांढरे. माझेही.
"थांबलीस?"
"ब्रेक बदलले."

हात ॲप्रनला पुसत ती उठली,
चाकापाशी वाकली.
लिबे तपासणी विभागात होती;
तिच्या टेबलावरून माझा एक सांधा
कधी परत आला नव्हता, आणि आला असता
तर तो खरंच चुकलेला असता.
अंगठ्याने रबर चाचपलं, मग दुसरं.
"डावं जरा वर बसलंय."
"किती?"
"अर्धा मिलिमीटर."
मी म्हटलं, शक्य नाही.
"पाना आणते," म्हणाली,
आणि दार तसंच उघडं टाकून आत गेली.