पाच क्रियापदं

रावपुऱ्यात, घड्याळवाल्या भोगीलालच्या दुकानावर माझा वर्ग.
सतरा पायऱ्या, दहावी सैल.
तिच्यावर पाय पडला की खाली भोगीलाल भिंगातून मान वर करतो
आणि वर मला कळतं, कोणीतरी आलं.

यशोधन घोरपडे आला की मात्र कळायचं नाही.
फळ्याकडून वळावं तर हा शेवटच्या बाकावर,
वही उघडलेली, पेनाचं टोपण दातात.

आडनाव घोरपडे, काम मगरी धरण्याचं.
विश्वामित्री चढली की रात्री-बेरात्री फोन:
फत्तेगंजच्या पार्किंगमध्ये एक,
शाळेच्या सायकल स्टँडवर एक,
कुणा पटेलांच्या झोपाळ्याखाली आठ फुटांची.
पगार नाही. जीपचं डिझेल आणि पहाटे सेव-उसळ.
आता कॅनडा, म्हणून इंग्रजी, म्हणून मी.

फळ्यावर लिहिलं: 'वॉक' सोडून काहीही.
ग्लाइड. स्लिंक. क्रीप. सायडल.
पन्नाशीची बाई टेबलाच्या कडेने तिरकी सरकली,
पदर खडूने माखला,
पोरं हसली, सायडल सगळ्यांना आलं.
स्लिंक म्हणजे मांजर, दुधाच्या पातेल्यापासून परत येताना.
जाताना नव्हे रे. परत येताना.
आणि स्टील म्हणजे चोरणं, शिवाय गुपचूप निघून जाणंही.
त्यांनी चोरीलाच चालायला लावलं,
आपण पावलांना चोर ठरवलं.

गृहपाठ: मगर नदीतून रस्त्यावर येते.
पाच वाक्यं, पाच क्रियापदं.

याने एकच लिहिलं, तेही मराठीत:
मॅडम, मगर येत नाही. मगर असतो.

लाल पेनाने आधी मी लिंग दुरुस्त केलं.
इथल्या पोरांच्या तोंडात गुजराती कधी शिरते
त्यांना कळत नाही. मलाही कुठे कळलं होतं.
मग म्हटलं, मार्क जातील, बाळा.
तो म्हणाला, खरं सांगू ने?
आपण बॅटरी मारतो. पाणी असतं.
त्यात ओंडका, कुणाचा तरी वाहून आलेला पाट.
दुसऱ्यांदा मारतो.
ओंडक्याला डोळे असतात.
मधलं कोणी बघितलंच नाही, मॅडम.
न बघितलेल्याला क्रियापद कुठून आणू?

मी म्हटलं, ग्लाइड लिही.
त्याने लिहिलं. स्पेलिंगसुद्धा बरोबर.

साडेसहा बँड आले. पेढे आणले नाहीत.

जानेवारीत त्याचे वडील आले,
पतपेढीतून रिटायर, स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास.
दहावी पायरी वाजली.
तुम्हाला काही बोलला होता का?
घरात व्हिसाचं माहीत नव्हतं.
बूट हातात घेऊन उतरला असावा, म्हणाले,
मी दाराशीच झोपतो, माझी झोप चिमणीची,
टॅक्सी म्हणे काळ्या घोड्यापाशी उभी होती.

मला काय व्हावं? डोक्यात फळा उघडला.
टिपटो, स्लिप आउट, स्टील अवे,
एकेक शब्द त्या बुटांना लावून बघत होते
आणि समोर माणूस उभा.
इतके शब्द आहेत त्यांच्याकडे जाण्याचे,
पण नसणे नाही. नॉट जोडून भागवतात.
आपल्याकडे अख्खं क्रियापद,
सगळ्या काळांत चालणारं: नसतो, नसायचा, नसेल.
हे मी कधी शिकवलं नव्हतं.
ते शिकवावं लागत नाही, असं वाटायचं.

मी पाणी दिलं. ते शेवटच्या बाकावर बसले,
त्यांना माहीत नव्हतं तो कुणाचा ते.
बाकावर पेनाने कोरलेली एक मगर होती, शेपटी अपुरी,
तिच्यावर त्यांनी ग्लास ठेवला.

निघाले. मी खुर्चीत बसून मोजू लागले,
सोळा, पंधरा, चौदा.
येताना एकदाच वाजली होती ती पायरी,
तरी तिला चुकवून उतरले.
खाली दुकानात एकाच वेळी तीन घड्याळं पडली,
भोगीलालने मान वर केली नसावी.