कुटुंब म्हणजे

तिसरीच्या परिसर अभ्यासात एक पाठ आहे, आपलं कुटुंब.
दरवर्षी मी फळ्यावर चूल काढते,
गॅसची शेगडी मला नीट जमत नाही,
आणि विचारते, हिच्यावरचं कोण कोण जेवतं?
हात वर होतात. आत्या. पणजी.
गावाहून कामाला आलेला चुलतभाऊ.
येरवड्याच्या शाळेत एकाने शेळीचं नाव सांगितलं होतं,
मी शेळीही लिहून घेतली.

महापालिकेच्या परिपत्रकात मुद्दा क्रमांक चार:
कुटुंब म्हणजे कर्मचारी, पती किंवा पत्नी,
पंचवीस वर्षांखालील दोन अपत्ये.
खाली बारीक टायपात टीप,
सेवानिवृत्तांचा विचार स्वतंत्रपणे करण्यात येईल.
या वाक्यातला कर्ता शोधा, असं आम्ही सातवीला घालतो.
कर्ता सापडत नाही.

मग आम्ही बसलो. सकाळची शाळा करून, दुपारी एकला,
महापालिका भवनाच्या फाटकाबाहेर,
नदीचा वास येतो त्या बाजूला,
मांडीवर वह्या. पाढे तपासत घोषणा दिल्या.
मुलाणी सर माईकवर वाचायचे, किती बिलं अडली,
किती 'त्रुटीसह परत',
एका बाईंचं बाळंतपणाचं बिल परत आलं
तेव्हा पोरगं बालवाडीत होतं.
हसलो आम्ही. हसण्यासारखंच होतं.

सतरंजी ओव्हाळ बाईंची.
इंदुमती ओव्हाळ, निवृत्त होऊन नऊ वर्षं,
डाव्या डोळ्यात दर महिन्याला सुई,
सुईचे सतरा हजार.
अकराही दिवस धायरीहून बसने आल्या,
माझ्या गठ्ठ्यातल्या निम्म्या वह्या त्यांनीच तपासल्या,
कागद नाकाला लावून.
खडू मोडून धरायचा, म्हणजे किंचाळत नाही,
हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात
मला त्यांनी शिकवलं होतं.

बाराव्या दिवशी बोलावणं आलं.
देऊ, म्हणाले. कॅशलेस. पाच लाख. कार्ड.
फक्त सेवेतल्यांना. मुद्दा चार तसाच.
मुलाणी सर परत आले ते जिन्यात दोनदा थांबले.
नवी पेठेतल्या कार्यालयात पंखा बंद केला,
चिठ्ठ्या उडत होत्या,
मग चिठ्ठ्याच पुरल्या नाहीत,
म्हणून हात.

माझ्या ओजसला दमा आहे.
रात्री दोनला रिक्षा मिळत नाही,
आणि मिळाली तरी दवाखान्याच्या खिडकीवर
पहिला प्रश्न अनामत रकमेचा.
हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.
वर्गात मी म्हणते, कोपर सरळ, बोट एकच, ओरडायचं नाही.
तसाच केला.

एक्क्याण्णव विरुद्ध चौसष्ट.

सतरंजी माझ्याकडे राहिली होती.
धुतली, गच्चीवर वाळवली.
कोपऱ्यात लाल दोऱ्याने 'इं. ओ.'
तीन आठवडे ती दाराआड उभी होती, गुंडाळलेली,
शिक्षा केलेल्या मुलासारखी भिंतीकडे तोंड करून.

रविवारी धायरीला गेले.
त्यांनी चहा टाकला, अंदाजाने. साखर दोनदा पडली.
म्हटलं, बाई, त्या दिवशी मी
"कळलं मला. मुलाणी आला होता, रडला.
तू नको रडूस. बिस्किट घे."
मग बराच वेळ काहीच नाही, खाली कुणी स्कूटरला किक मारत होतं.
मग, "कार्ड आलं का? आण बघू."

निळं, गुळगुळीत.
त्यांनी ते खिडकीकडे वळवलं,
उजव्या डोळ्यापाशी नेलं, अजून जवळ, 
पापणी लागेल इतकं.
"नीलिमा, वेलांट्या उलट्या पडल्यात तुझ्या.
पहिली दीर्घ हवी, दुसरी ऱ्हस्व.
ऐन वेळी खिडकीवर अडवतील.
दुरुस्तीचा अर्ज दे उद्याच. घे कागद."

त्या सांगत गेल्या, विषय, संदर्भ, महोदय,
आणि मी त्यांच्याच सतरंजीवर बसून
उतरवून घेत गेले
माझं नाव.