साय, टोपी

रिपोर्टवरचा शब्द एका ओळीत मावला नव्हता,
मधेच तुटून शेपूट खालच्या ओळीत उतरलं होतं.
सुवार्ता सिस्टरनी तो एका दमात म्हटला,
सलाईनच्या नळीला टिचक्या मारता मारता.
परत म्हणा, मी म्हटलं.
त्यांनी म्हटला. परत निसटला.

एकतीस वर्षं पंचवटीतल्या शाळेत मी वृत्तं शिकवली.
सापडेल त्या ओळीवर रेघ, चंद्रकोर, रेघ.
तीच खोड. गोळ्यांच्या कागदी पाकिटावर
एकेक अक्षर मागून घेतलं:
थ्रॉम्. बो. सा. य. टो. पी. नि. या.
थ्रॉ गुरूच, पाय मोडलेला म् त्याच्याच पदरात.
बो गुरू, सा गुरू. मातारा. मगण.
य टो पी, यमाता.
उरले ल आणि ग.
एवढं मोठं दुखणं, आणि गणांत बसत होतं.
मला उगाच बरं वाटलं.

शेजारच्या कॉटवरचा ओझरचा मुलगा, पाय प्लास्टरमध्ये,
म्हणाला, आजी, य सुटा नाही. साय.
दुधावरची असते तशी.
म्हणजे गण मोडले. खोडरबर नव्हतं.
थुंकी लावून बोटानं पुसलं, पाकीट काळं झालं.

ह्यांचे दात डबीत होते.
सगळी नोकरी नाशिकरोडला, प्रेसमध्ये, नोटा मोजण्यात.
प्लेटलेट अकरा हजार, हव्यात दीड लाख,
हे ऐकून सकाळी म्हणाले होते,
एवढी तूट आमच्या टेबलावर निघती
तर गेट बंद करून सगळ्यांचे खिसे झाडले असते.
दंडावर जांभळे डाग. मी बाही खाली ओढली.

पाकीट डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी वाचलं.
थ्रॉम्बोची नुसती हवा गेली.
पुढचं मात्र स्वच्छ: साय. टोपी. नि या.
पुन्हा म्हणाले, साय, टोपी, नि या,
कुणाला जेवायला बोलावल्यासारखं.
मुलगा हसला, सिस्टर हसल्या.
मी शेवटच्या अक्षरावर अडकले होते.

आठला भेटायची वेळ संपली.
डबा उचलला, पाकीट पर्समध्ये टाकलं.
येते, म्हटलं.
हात हलवता येईना, त्यात सुई होती.
या, म्हणाले.
बेचाळीस वर्षांत मला कधी
अहोजाहो केलं नव्हतं ह्यांनी.

द्वारकाला रिक्षा अडकली, पुढे ट्रकच ट्रक.
तेवढं एक अक्षर तोंडात धरून बसले.
गुरू. मात्रा दोन.
मी ओढून ओढून चार केल्या.