शीड

रात्री साडेदहाला माग थांबतो
आणि कानात खटक-खटक चालूच राहते अर्धा तास.
त्या अर्ध्या तासात आम्ही बघतो
बर्फातली माणसं.

सुशांत सांगून गेला, काकी, हजार-बाराशे वर्षांमागची गोष्ट,
लांब उत्तरेकडचे लोक,
समुद्रावरून यायचे आणि लुटून न्यायचे.
फोन कांड्यांच्या पाटीला टेकवला आणि झोपला,
सकाळी त्याचा पेपर.
आता बघायला मी आणि भिंतीपलीकडची निलव्वा.

बोलणं त्यांचं. खालची अक्षरं इंग्रजी.
आम्हा दोघींना दोन्ही येत नाही,
पण खासबागेत त्याचं काय नवल?
लग्न होऊन आले तेव्हा मला निलव्वाची भाषा येत नव्हती,
तिला माझी.
नळावर पहिलं भांडण झालं
तेव्हा शिव्या तेवढ्या लगेच कळल्या.

तो दाढीवाला राजा, कानाच्या वर भादरलेला,
दारात उभा राहून म्हातारीला काहीतरी विचारतो.
निलव्वा म्हणते, साल केळाकत्यान नोड, मान बघ कशी खाली.
साल म्हणजे कर्ज.
तिच्या भाषेतला हा शब्द मी सगळ्यांत आधी शिकले.
मी म्हणते, नाही गे, भावाचा माग काढालाय, मारणार त्याला.
पुढच्या भागात भाऊ मरतो.
निलव्वा म्हणते, मग, पैसे नाही दिल्यावर आणि काय होणार?

मला त्यांचं एक आवडतं.
राग आला की त्याच दिवशी
ज्याचा त्याला पोचवून येतात.
आमचा व्यापारी साडी उलटी करून दिव्यासमोर धरतो,
सुटलेली एक तार नखाने दाखवतो,
चाळीस रुपये कापतो.
मी म्हणते, बरं.
घरी येऊन कुऱ्हाडवाली बाई बघते,
चिखलाने माखलेली, ढालीआडून हसणारी,
आणि भात करपतो.

काल जहाज आलं.
आधी धुकं, मग लाकडाचं तोंड, फणा काढल्यासारखं,
आणि मग उघडलं शीड.
तांबडं-पांढरं, पट्ट्यापट्ट्यांचं,
सातव्या महिन्यातल्या पोटासारखं फुगलेलं.
निलव्वा बोलायची थांबली.
मी फोन डोळ्यांजवळ आणला,
सुशांत करतो तशी काचेवर दोन बोटं ताणली.
पन्हा किती असेल?
"एका पन्ह्याचं नाही ते," निलव्वा म्हणाली, "जोडलंय."
जोड दिसत होता की.
उभा, दुहेरी टाक्याचा.

मग आम्ही हिशेबाला बसलो.
वीज नाही, मोटर नाही.
मेंढी कातरा, लोकर पिंजा,
टकळी फिरवून सूत काढा, उभ्याने विणा,
वर थंडीत बोटं वळत नाहीत.
ती कन्नडमध्ये मोजत होती, मी मराठीत.
उत्तर जवळपास एकच आलं:
दोघी बायका, तीन वर्षं.
सासू बरी असली तर.

चौदा भाग झाले.
तलवार भट्टीतून निघताना तीनदा दाखवली.
जहाजाच्या फळ्या तासताना तर गाणंच होतं.
शिडाचं मात्र काही नाही,
ते जणू झाडाला लागलं होतं,
राजाने तोडून आणलं.

"मागं घे," निलव्वा म्हणाली, "परत बघूया."
माझा अंगठा कुठे लागला कोण जाणे,
जहाज गेलं, धुकं गेलं,
कुठलासा नवरा पावडरची जाहिरात करू लागला.
दोघीही हसलो, मग गप्प झालो.
समुद्र आम्ही एकदाच पाहिलाय,
चोर्ला घाटातून वाकून ओकत जाऊन,
अर्धा दिवस.
तेव्हा पाण्यावर एकही शीड नव्हतं.

आज ऑर्डर तांबड्या पट्ट्याची.
दुपारी भिंतीपलीकडचा माग क्षणभर थांबला
आणि निलव्वाची हाक आली,
"ऐ! जहाज निघालं काय?"

मी धोटा बघितला, सूत बघितलं.
म्हटलं, थांब की,
अजून दोन वार बाकी आहेत.