काटे नसलेलं

मोन्तेविदेओत रविवारी त्रिस्तान नार्वाहाच्या बाजारात
गंजलेले नळ, पोपटांचे पिंजरे, जोडी हरवलेले चमचे
यांच्या मधोमध वॉशिंग्टन म्हातारा बसतो.
हे नाव इथे पुष्कळांचं असतं. हसू नका.

त्याच्या चादरीवर ते पडलं होतं.
गोल नाही, चौकोनी नाही,
वापरून अर्धा झिजलेल्या साबणासारखं.
तबकडीवर काटे नाहीत.
नुसती एक फट, आणि फटीआडून
सावकाश सरकणारी आकड्यांची चकती.
दहा पुरते गेले नव्हते,
अकरा उंबऱ्यावर चपला काढत होते.
तिथेच आवडलं मला ते.

मला ऐकू येत नाही, जन्मापासून.
घड्याळं टिकटिकतात हे मी वाचून जाणतो,
देवमासे गातात हे तुम्ही जाणता, तसं.
पण म्हाताऱ्याने ते माझ्या डाव्या मनगटावर चढवलं,
माझा हात धरून हलवला,
आणि काहीतरी गरगरलं कातडीखाली,
काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखं.

पुठ्ठ्यावर त्याने लिहिलं, बाराशे.
मी खाली लिहिलं, आठशे. त्याने आभाळाकडे पाहिलं.
मी निघालो. पाचव्या पावलाला बाहीला ओढ बसली.
नऊशे पेसो.
चावी नाही, सेल नाही, ऑटोमॅटिक.
खांदे उडवून त्याने सांगितलं:
तू चाललास की हेही चालेल.

गुरुवारी दुपारी बंद पडलं.
बारा आणि एकच्या मध्ये, फटीत नुसता काळा पत्रा.

पुढच्या रविवारी मी ते त्याच्यापुढे आपटलं.
तो भांडला नाही.
माझ्या डाव्या बगलेतल्या थर्मासकडे बोट केलं.
येर्ब्याच्या कडू चहासाठी गरम पाणी
इथे सगळेच असं बगलेत घेऊन हिंडतात,
हात अंगाला चिकटलेला, पंख बांधलेल्या कोंबडीगत.
मग त्याने आपले दोन्ही हात हवेत नाचवले,
वेडेवाकडे, अर्थ नसलेले, आम्हा लोकांची नक्कल,
आणि भुवया उंचावल्या:
आणि हे? हे कधी केलंस शेवटचं?

मी हिशेब मांडला.
मार्चमध्ये बांधणीचा कारखाना सुटला.
एकतीस वर्षं पुस्तकं शिवणारे हात घरी येऊन बसले.
मंगळवारी रात्री एल्बियोशी बिनसलं,
डॉमिनोच्या दोन गुणांवरून.
त्यानंतर?
बेकरीवालीला बोटांनी दाखवलं, दोन पाव.
बस्स.
गप्प व्हायला तुम्ही तोंड मिटता,
मी हात खिशात घालतो.
चाळीस तासांत दोन बोटं.
एवढ्यावर कुठलं घड्याळ जगेल?

क्लबात एल्बियो बेन्तांकोर खिडकीपाशी होता.
मान वर करेना. आमच्यात कान असेच बंद करतात.
मी टेबलावर मूठ हाणली, सोंगट्या उडाल्या,
त्याने पाहिलं.
थर्मास मी जमिनीवर ठेवला
आणि म्हणालो, खोटारडा.
अगदी खांद्यापासून म्हणालो.
तो म्हणाला, तुझा बाप.
दोन गुणांवरून आम्ही त्याच्या कोटावर गेलो,
जो मी एकदा नेला आणि परत दिला नाही,
कोटावरून त्याच्या लग्नावर,
जिथे मी उशिरा पोचलो होतो.
ओडिला मध्ये पडली. मी तिच्या डोक्यावरून बोललो.
आणि सगळा वेळ मनगटावर
तो भुंगा उठत होता, फिरत होता.

मध्येच एल्बियोने माझा हात पकडला.
आमच्यात हे तोंड दाबल्यासारखं.
मी चिडणार, तोच तो वाकला,
हनुवटी काचेवर टेकवली,
डोळे मिटून बसला थोडा वेळ.
मग विचारलं, काटे कुठायत?
काढून टाकले, म्हणालो.

सोमवारी चालू होतं. मंगळवारीही.
बुधवारी सकाळी जरा रेंगाळल्यासारखं वाटलं,
तसा मी कोट हातावर टाकून निघालो.
कोट देऊन टाकीन.
दोन गुण मात्र माझेच आहेत.